समासातले टाके

शाल आणि नारळ या दोन वस्तूंची मला किळस येते. एखाद्याकडून काही फुकट काढून घ्यायचे असले की त्याच्या खांद्यावर शाल टाकतात आणि हातात नारळ देतात. हात गुंतले, खांदे गुंतले, तोंड फोटोसाठी हसण्यात गुंतले. मग तो माणूस भाव कसा करणार? गेल्या हिवाळ्यात ती शाल माझ्याही खांद्यावर पडायची होती. पडली नाही. का पडली नाही ते सांगतो, पण आधी पुस्तकांबद्दल सांगायला हवे, कारण भांडण पुस्तकांवरून झाले.

मी बडोद्याजवळच्या पादरा गावचा. वडील तिथल्या बाजारात शिलाई मशीन घेऊन बसत. घरात मराठी, शाळा गुजराती, आणि तीही चौथीपर्यंत. लग्न झाल्यावर बडोद्याला आलो आणि रावपुऱ्यात एका टेलरच्या माडीवर हातशिलाईला लागलो. खाली मालक कापड कापत आणि मशीनवाले शिवत. वर आम्ही काही जण मांडी घालून काज, तुरपाई आणि अस्तराचे काम करायचो. कोर्ट जवळ असल्यामुळे वकिलांचे काळे कोट यायचे, रेल्वेवाल्यांचे खाकी यायचे. मशीनचा खडखडाट खाली राहायचा. माडीवर फक्त सुईचे काम, म्हणजे हात गुंतलेले आणि कान रिकामे. रिकाम्या कानात एक तर दुसऱ्याची निंदा जाते, नाही तर सिनेमाची गाणी. आमच्या माडीवर पुस्तक जायचे.

हे चालू केले मामांनी. मामा म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने काज करणारे, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत राहणारे. सगळे मामा म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागलो, एरवी त्यांच्यात मामासारखे काही नव्हते. तिरसट माणूस. तपकिरीची डबी कधी कोणापुढे केली नाही. रविवारी फुटपाथवर जाऊन जुनी मराठी पुस्तके उचलून आणायचे. कादंबऱ्या तिथे टिकत नसत, लोक आधीच घेऊन जात. मामांच्या हाती लागायची ती इतरांनी नाकारलेली पुस्तके: शरीराची रचना, मधमाश्या पाळणे, कायद्याची ओळख, उष्णता आणि वाफ. ती सगळी माडीवरच्या एका शिसवी कपाटात राहायची.

जेवणानंतर चहा येईपर्यंत एकाने मोठ्याने वाचायचे. वाचणारा सुई धरणार नाही. त्याच्या वाट्याचे काज बाकीच्यांनी आपसात वाटून करायचे आणि त्याच्या नावावर धरायचे. वाचन पाळीने. माझी पहिली पाळी आली तेव्हा मी अक्षरांवरच्या, गुजरातीत नसलेल्या आडव्या रेषेला अडखळत एकेक शब्द ओढत होतो. शेजारी बसणारा गुजराती कारागीर, ज्याला आम्ही नुसते भाई म्हणायचो, कोटावरून मान न उचलता म्हणाला, "आ तो मालगाडी छे. मेल क्यारे आवशे?" मेल कधी येणार?

"मालगाडीतच माल असतो," मामा म्हणाले. "तू काज कर. त्याचेही तूच करतोयस आज."

असे करत मी वाचायला शिकलो. माझ्यावर उपकार म्हणून कोणी शिकवले नाही. माझे काज दुसऱ्यांना करावे लागत होते आणि मी लवकर सुधारण्यातच त्यांचा फायदा होता. शिक्षणाबद्दल मोठमोठी भाषणे मी पुढे पुष्कळ ऐकली, पण याहून सरळ व्यवहार कुठे पाहिला नाही.

पण खरी गोष्ट टाक्यांची. वाचताना कोणाला शब्द अडला तर त्याने "टाका" म्हणायचे. वाचणारा थांबायचा आणि पुस्तक त्याच्याकडे द्यायचा. ज्याला अडले त्याने, त्या वेळी सुईत जो दोरा असेल त्यानेच, त्या ओळीशेजारी समासात एक छोटा उभा टाका घालायचा आणि मागे गाठ मारायची. मग वाचन पुढे चालू. तो शब्द आता त्या माणसाच्या अंगावर. अर्थ त्यानेच शोधून आणायचा, माडीवर सगळ्यांना सांगायचा, आणि स्वतःला पटला की टाका उसवायचा. समासात दोन भोके उरायची. म्हणजे कपाटातले कोणतेही पुस्तक उघडले की दिसायचे: नुसती भोके आहेत तिथे शब्द कळला आहे, दोरा उभा आहे तिथे कळायचा आहे. काळा दोरा असेल तर त्या दिवशी वकिलाचा कोट हातात होता, खाकी असेल तर रेल्वेचा.

अर्थ आणायचा कुठून? गिऱ्हाइकाकडून. वकील, मास्तर, कचेरीतले साहेब ट्रायलला यायचे. एक बाही टाचणीने लावलेली, दुसरी लोंबणारी, काखेत खडू. अशा अवस्थेत माणूस पळू शकत नाही. मालक खाली वाकून मापे घेत असले की आमच्यातला कोणीतरी जिन्यावरून विचारायचा, "साहेब, 'अनुमान' म्हणजे काय हो?" कोणी नीट सांगायचे. कोणी आरशातल्या स्वतःकडे बघत म्हणायचे, "तुला काय करायचंय?" आणि काही जण असे होते की ज्यांना माहीत नसायचे, पण शिंप्यापुढे नाही कसे म्हणायचे, म्हणून ठोकून द्यायचे. अशाच एका वकिलाने भाईला सांगितले की सापेक्ष म्हणजे पुष्कळ अपेक्षा असलेला. भाईने माडीवर येऊन जाहीर केले आणि टाका उसवला. त्यानंतर कितीतरी काळ आम्ही दिवाळी जवळ आली की मालकांबद्दल सापेक्ष असायचो, आणि भाईची सासू त्याच्याकडे आली की तो म्हणायचा, "बहु सापेक्ष बाई छे." चूक कळली तेव्हा भाईने मुकाट्याने पुस्तक काढले आणि त्याच भोकांतून पुन्हा दोरा घातला. कोणी हसले नाही, असे म्हणणार नाही. पोट धरून हसलो. पण दोरा पुन्हा आला, हे महत्त्वाचे.

मामांचा एक टाका मात्र कायम उभा राहिला. उष्णतेच्या पुस्तकात. बर्फ वितळत असताना त्याला उष्णता देत राहिले तरी तो अधिक तापत नाही, ती उष्णता सुप्त राहते, अशा अर्थाचे वाक्य होते. मामांच्या सुईत खाकी दोरा होता.

"सुप्त राहते, म्हणजे कुठे राहते?" ते म्हणाले. "इस्त्रीत निखारे घातले की इस्त्री तापते. तवा तापतो. घेतली आणि तापली नाही, अशी वस्तू मी पाहिली नाही."

ज्याला त्याला ट्रायलच्या वेळी त्यांनी हे विचारले. बहुतेकांनी पुस्तकातलेच वाक्य परत ऐकवले. एकदा विज्ञान शिकवणारे एक प्राध्यापक आले. भला माणूस. टाचण्या लावलेल्या बाहीनेच त्यांनी हवेत बर्फाचे कण काढून दाखवले, ते एकमेकांना कसे धरून असतात आणि ती पकड सोडवण्यात उष्णता कशी खर्च होते ते सांगितले. मालक वैतागून टाचण्या पुन्हा लावत होते. मामांनी सगळे ऐकून घेतले.

"तुम्हाला हे समजलेलं आहे, ते मला दिसतंय," ते म्हणाले. "मला समजलेलं नाही."

"मामा, छोडो ने," भाई वरून ओरडला. "अर्थ आवी गयो!"

"तुझ्या कानात आला असेल. टाका माझा आहे."

मामा गेले तेव्हाही तो खाकी दोरा तसाच होता. दुसऱ्या कोणाला तो उसवायचा अधिकार नव्हता, आणि कोणी उसवला नाही.

रेडिमेड कपडे आले, माडी रिकामी होत गेली. मालकांच्या मुलांना दुकानात दुसरा धंदा घालायचा होता. मालकांनी मला एक मशीन द्यायचे कबूल केले होते आणि पुस्तकांसकट कपाट पस्तीवाल्याकडे, म्हणजे रद्दीत, जाणार होते. मी म्हणालो, मशीन ठेवा, कपाट द्या. गिऱ्हाईक मूर्ख आहे असे दिसले की दुकानदार जशी घाईघाईने पुडी बांधतो, तशी त्यांनी घाई केली. हातगाडीही त्यांनीच बोलावून दिली. त्या कपाटाच्या बदल्यात मी धंदा उशिरा उभा केला, पण केला. आज रावपुऱ्यात माझे शाळांच्या गणवेशांचे दुकान आहे. कापड बाजारातले व्यापारी मला येताना पाहून पंखा बंद करतात, म्हणजे मी लवकर उठावे. मी उठत नाही. कपाट माझ्या गल्ल्यामागे होते.

ते एका बाईंनी पाहिले. नातवाचा गणवेश घ्यायला आल्या होत्या. निवृत्त प्राध्यापिका, जुने बडोदेकर घराणे, आणि मराठी अशी की प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. त्यांची एक सांस्कृतिक संस्था होती आणि तिला कारागिरांच्या वाचनावर प्रदर्शन भरवायचे होते.

"काका, हे कपाट म्हणजे सोनं आहे सोनं!"

"सोनं असतं तर तुम्ही तिजोरीवाला घेऊन आला असता. काय पाहिजे ते बोला."

बाई हसल्या. पुस्तके आणि कपाट प्रदर्शनापुरते हवे होते. मी दोन अटी घातल्या. प्रदर्शन संपले की सगळे परत. आणि पुस्तकांतला एकही दोरा ओढायचा नाही.

"अहो, आम्ही कशाला हात लावू? वस्तू जशी आहे तशी, हेच तर आमचं तत्त्व."

दोरे कशाचे ते मी सांगायला लागलो, तर त्यांनी घड्याळ पाहिले. "हे सगळं उद्घाटनाला बोला ना काका! आमचा व्हिडिओवाला असेल. आत्ताच सांगितलंत तर त्यातला ताजेपणा जाईल."

कापडाचा तागा पूर्ण उलगडल्याशिवाय मी आजवर घेतलेला नाही. इथे माणूस उलगडायला गेलो तर त्याने घड्याळ पुढे केले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी मला तालमीला बोलावले. सभागृहात शिरताच एका पोराने माझ्या हातात धोतर आणि काळी टोपी दिली. मधोमध पायाचे शिलाई मशीन मांडले होते. पाहुणे आले की मी त्या वेषात मशीनवर बसून पुस्तक वाचायचे, असे ठरले होते. मी म्हणालो, आमच्या माडीवर मशीन नव्हते. आम्ही पॅन्ट शिवणारी माणसे, पॅन्टच घालायचो. तो म्हणाला, "अंकल, लूक माटे." दिसण्यासाठी. मी धोतर मशीनवर ठेवले आणि कपाटाकडे गेलो.

पुस्तके काचेखाली उघडी मांडली होती. उष्णतेचे पुस्तक शेवटी होते. समास स्वच्छ होता.

मला वाटले पान चुकले. काच सरकवली, पाने उलटली. एका पुस्तकातून दुसऱ्यात गेलो. काळा, पांढरा, खाकी, एकही दोरा नाही. शेजारी छापील पाटी होती. पुस्तकांवर कसरीचा प्रादुर्भाव झाल्याने छिद्रे पडली असून शास्त्रशुद्ध स्वच्छता करण्यात आली आहे.

"बाई," मी हाक मारली. हाक जरा मोठी गेली असावी, कारण शिडीवर चढलेला माणूस खाली उतरला.

बाई आल्या. "किती छान झालीत ना? अहो, काय धूळ होती! आणि शिंप्यांचं काम, त्यामुळे जिकडे तिकडे दोऱ्यांचे तुकडे अडकलेले. आमच्या मुलींनी चिमट्याने एकेक काढला."

"काढलेले दोरे कुठे आहेत?"

"दोरे?"

"दोरे. मी म्हणालो होतो एकही ओढायचा नाही."

त्यांनी एका मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, "कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली."

तेव्हा मी त्यांना टाक्यांचा अर्थ सांगितला. दोन वाक्यांत सांगितला, कारण तिसऱ्या वाक्यात माझ्या तोंडून शिवी गेली असती. मला वाटले बाईंचा चेहरा उतरेल. तो उजळला. त्यांनी टाळी वाजवली, खरोखर वाजवली.

"काका! काय विलक्षण आहे हे! ही पाटी बदला रे. लिहा, इथलं प्रत्येक छिद्र म्हणजे एका श्रमिकाने आत्मसात केलेला शब्द."

"प्रत्येक नाही. तेच सांगतोय. काही शब्द कळले नव्हते. ते तुम्ही ओढून टाकलेत. आता सगळी भोकं सारखीच दिसतात."

"पण त्याने काही बिघडत नाही ना? उलट त्यांचा गौरवच होतो."

मी काही बोलणार एवढ्यात त्यांना आणखी सुचले. "आणि दोऱ्यांचं म्हणाल तर आपण नवे घालूया! रंगीबेरंगी! येणाऱ्या शाळेच्या मुलांनी एकेक टाका घालायचा, आणि तिथेच सेल्फी. काका, तुम्हीच सुईत दोरा ओवून द्या त्यांना."

मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली आहे. सडलेला माल वरच्या थराखाली लपवून विकणारे पाहिले. उधारी बुडवून समोरून नमस्कार करत जाणारे पाहिले. पण त्या माणसांना आपण काय करतो ते माहीत असते. बाईंना माहीत नव्हते, आणि जाणून घ्यायला त्यांना सवड नव्हती. जो माणूस मरेपर्यंत "मला समजलेलं नाही" म्हणत राहिला, त्याच्या तोंडी यांनी एका दुपारी चिमट्याने "समजलं" घातले, आणि वर त्याला गौरव म्हणत होत्या. अडाणी म्हणून आमचा अपमान करणारे वकील यांच्यापेक्षा बरे होते. ते निदान टाचण्या लावलेल्या अवस्थेत उभे राहून ऐकत तरी होते.

मी ओरडलो नाही. ओरडल्याने भाव पडतो.

"उद्या पाहुणे कोण?" मी विचारले.

त्यांनी एका बड्या माणसाचे नाव सांगितले. निमंत्रणपत्रिकेत त्या माडीवरचा एकमेव हयात कारागीर म्हणून माझेही नाव छापले होते.

"मग असं करा. टेंपो बोलवा. पुस्तकं आत्ता माझ्या घरी जातील. नाही तर उद्या मी वेळेवर येतो, तुमचं धोतर नेसतो, माईक हातात घेतो, आणि चिमट्याचं सगळं सांगतो."

"काका, तुम्ही धमकी देताय?"

"भाव करतोय."

"पण पुस्तकांशिवाय प्रदर्शन कसं होईल? कपाट रिकामं कसं दाखवणार?"

हे त्यांनी बोलायला नको होते. समोरच्याला काय हवे ते कळले की सौदा अर्धा झाला. त्यांना कपाट हवे होते. फोटोत कपाट येते, समास येत नाही.

"कपाट तुम्हाला ठेवा," मी म्हणालो. "कायमचं. पुस्तकं माझी."

त्यांनी मान डोलावली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तीच घाई होती, कपाट देताना मालकांच्या चेहऱ्यावर होती ती. टेंपो जेवणाआधी आला. मी उद्घाटनाला गेलो नाही. बाईंनी शाल आणि नारळ रिक्षाने दुकानात पाठवले, ते मी त्याच रिक्षाने परत केले. पुढे कोणीतरी मोबाईलवर फोटो दाखवले. कपाट भरलेले होते. पस्तीवाल्याकडून आणलेल्या जुन्या पुस्तकांच्या पाठी ओळीने लावल्या होत्या, आणि पाहुणे त्यांच्याकडे बोट दाखवून काहीतरी थोर बोलत होते. फरक कोणाला कळला नसावा. कळायला पुस्तक उघडावे लागले असते.

घरी मी उष्णतेचे पुस्तक काढले. ती ओळ मला ठाऊक होती, भोकेही होती. सुनेने विचारले, खाकी दोरा देऊ का, दुकानातून आणलेला आहे. मी हो म्हणणार होतो. मग वाटले, हे तर बाईंसारखेच झाले. मामांचा टाका मी घालणारा कोण? तो गेला. कचऱ्याच्या गाडीतून गेला, आणि परत येणार नाही.

मी ते वाक्य पुन्हा वाचले. प्राध्यापकांनी हवेत काढलेले बर्फाचे कण आठवले. मग पुन्हा वाचले. इतकी वर्षे मी समजत होतो की मामाच हट्टी होते, मला तर त्या दिवशी कळले होते. कळले नव्हते. त्या दिवशी मी दुसऱ्याच्या समजण्याकडे नुसता बघत होतो.

सुईत एका शाळेच्या ब्लेझरचा मरून रंगाचा दोरा होता. त्यानेच टाका घातला. मामांच्या भोकांतून नाही, शेजारी.

आता शब्द माझ्या अंगावर आहे. हल्ली शाळा मास्तरांनाही ब्लेझर घालायला लावतात. परवा एक जण आला, विज्ञान शिकवणारा. मी स्वतः टेप घेतली, त्याचे दोन्ही हात आडवे करायला लावले आणि विचारले, "सर, बर्फ वितळताना उष्णता कुठे लपते?"

त्याने एक हात खाली घेऊन खिशातून मोबाईल काढला.

"तो ठेवा," मी म्हणालो. "तुम्ही सांगा."

"अहो काका, एका मिनिटात दाखवतो ना. त्यात सगळं आहे."

"त्यात आहे ते त्याला समजलंय. तुम्हाला?"

तो हसला, मग हसायचा थांबला. मी टेप त्याच्या छातीभोवती धरून उभा होतो.

"विचार करून सांगू?" तो शेवटी म्हणाला.

"ब्लेझरची ट्रायल पुढच्या आठवड्यात आहे," मी म्हणालो. "टाचण्या लावलेल्या असतील. तेव्हा सांगा."